पोथी आणि श्रोता

भाद्रपद वद्य षष्ठी, म्हणजे श्रीज्ञानेश्वरी जयंती, आपल्या मंदिरात प्रतिवर्षी साजरी होते. ग्रंथाला गंधपुष्प वाहिले जाते, रेशमी वस्त्र घातले जाते, आरती होते आणि प्रसाद घेऊन आपण घरोघर परततो. यंदा या निमित्ताने चार शब्द सांगावेत अशी आज्ञा मंडळाने मला केली. या आसनावरून बोलण्याचा अधिकार माझ्या तीर्थरूपांचा आहे. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे, आणि जे थोडे पाठांतर आहे ते त्यांच्या मागे बसून झालेले. तथापि आज्ञा मोडवली नाही. शिवाय एक गोष्ट बरेच दिवस मनात सलत आहे, ती सांगून टाकावयास याहून योग्य जागा मला दिसत नाही.

श्रद्धा मनुष्याला ग्रंथ कसा लिहावयास लावते, कसा वाचावयास आणि शिकवावयास लावते, हा आजचा विषय. आपल्या मंडळातील काही तरुण महाविद्यालयात मराठी शिकले. ते म्हणतात, ‘ज्ञानेश्वरीतील उपमा आम्ही मोजल्या, रूपके ओळखली, परीक्षेत गुणही मिळाले, पण ती ज्ञानेश्वरी आणि देव्हाऱ्यातली ज्ञानेश्वरी एकच आहे असे कधी वाटले नाही.’ वयोवृद्ध मंडळींचा पक्ष याच्या उलट. ग्रंथाला ‘काव्य’ म्हटले की त्यांना तो थोडासा अपमान वाटतो, आणि एखाद्या ओवीविषयी शंका काढणे म्हणजे देवाच्या मूर्तीला नख लावणे वाटते. मी दोघांच्याही पंगतीला बसलो आहे. श्रद्धेचे खरे काम या दोघांच्याही नजरेतून निसटते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते का, हे जुन्या दोन-तीन गोष्टींवरून सांगतो आणि मग माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो.

पहिली गोष्ट महानुभाव पंथाची. चक्रधरस्वामींच्या नंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्या शिष्यांत केसोबास नावाचे संस्कृतचे मोठे पंडित होते. पंथाचे ज्ञान संस्कृतात ग्रथित करावे, हा त्यांचा ओढा. पंडिताला दुसरे काय सुचणार! नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. आपल्या पंथात म्हाताऱ्या बायका आहेत, संस्कृत केले तर त्या बिचाऱ्या या ज्ञानाला मुकतील, एवढेच कारण त्यांनी दिले. स्मृतिस्थळ या ग्रंथात हा प्रसंग नोंदलेला आहे. मराठी भाषेच्या थोरवीवर त्यांनी व्याख्यान दिले नाही, देशभाषेचा अभिमानही सांगितला नाही. डोळ्यांसमोर म्हाताऱ्या होत्या, आणि ग्रंथाची भाषा त्यांच्या कानांवरून ठरली.

त्याच पंथातील म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्याला जी लीळा ठाऊक, त्याच्याकडे जाऊन ती ऐकावयाची, पडताळावयाची, मग लिहावयाची. पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी नष्ट झाली तेव्हा शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. दोघांच्या आठवणीत भेद पडला तर कोणाची आठवण कोणती, हेही टिपून ठेवले. आपल्याला सोयीची तेवढी ठेवून दुसरी पुसली नाही. श्रद्धावान माणूस पुराव्याची पर्वा करीत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

पण एवढे सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहावयास आरंभ केला. परक्यांच्या हाती पडून विटंबना होऊ नये, हा हेतू. हेतू समजण्याजोगा आहे, पण परिणाम असा झाला की मराठीतील हे आद्य गद्य शतकानुशतके कुलुपात राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा होईपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे म्हाताऱ्यांसाठी ज्यांनी संस्कृत सोडले, त्यांच्याच वारसांनी पुढे दार लावून घेतले. ग्रंथ राखते तीही श्रद्धा आणि झाकून ठेवते तीही श्रद्धाच.

श्रोत्याकडे पाहून भाषा निवडण्याची ही रीत केवळ आपल्याकडची नाही. गोव्यात फादर स्टीफन्स नावाचे इंग्लंडात जन्मलेले ख्रिस्ती पाद्री होते. त्यांनी आपल्या धर्माची कथा मराठी ओव्यांत रचली. ती १६१६ साली छापली गेली. ‘आमच्या पूर्वजांना पुराणे होती तसे आम्हाला काही द्या,’ अशा अर्थाची मागणी धर्मांतर केलेल्या लोकांनी केल्याचे त्या ग्रंथातच आले आहे. ज्या काळात त्या भूमीत आपली देवळे मोडली गेली, त्याच काळाचा हा ग्रंथ आहे. हे विसरता येत नाही आणि विसरूही नये. पण देवळे गेली तरी त्या लोकांच्या कानांतून ओवी गेली नव्हती, हेही त्याच ग्रंथावरून कळते.

आपल्या होळकरी मुलखाचीही एक आख्यायिका येथे सांगण्याजोगी आहे. संगमनेरचा अनंतफंदी हा डफावर लावणी गाणारा शाहीर. अहिल्याबाईंनी त्याचे गाणे ऐकले आणि ही वाणी हरिकथेला लाव, असे सांगितले. तेव्हापासून तो कीर्तनाकडे वळला म्हणतात. काही लोक या गोष्टीवर नाक मुरडतात. त्यांच्या मते एका रसिल्या शाहिराचा बळी गेला. मला तसे वाटत नाही. त्याचा उपदेशपर फटका आजही पाठ म्हटला जातो तो त्यातील डफाच्या ठेक्यामुळे; उपदेश तर पुष्कळांनी केला. पण आख्यायिकेत मला भावते ते हे, की ऐकणारी बाई अहिल्याबाईंसारखी होती म्हणून गाणाऱ्याला आपल्या वाणीचा विचार करावा लागला.

आता ज्याच्यामुळे आजची तिथी आपण पाळतो त्या प्रसंगाकडे येऊ. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये नेवाशाला सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती आदराने लिहून घेतली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरली जात होती आणि तोंडांनी म्हटली जात होती. हात चुकतो, तोंड त्याहून अधिक चुकते. परंपरा सांगते की पैठणास एकनाथ महाराजांचा घसा दुखू लागला, स्वप्नात ज्ञानदेव आले आणि म्हणाले, ‘अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती आळंदीला येऊन काढ.’ महाराज गेले आणि त्यांनी ती काढली. मुळीची गोष्ट ज्याने त्याने आपल्या भावाप्रमाणे घ्यावी. ग्रंथाच्या शेवटी मात्र महाराजांनी स्वतः लिहून ठेवले आहे की मूळ ग्रंथ अत्यंत शुद्ध होता, पण पाठांतराने अशुद्ध झाला, म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, त्याची प्रत शोधून शुद्ध केली.

या कामाचे स्वरूप आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. एकनाथ महाराज स्वतः कवी होते. अकराव्या स्कंधावरील त्यांची टीका तोपर्यंत पुरी झालेली होती. ओव्या त्यांच्या मुखातून झऱ्यासारख्या येत. अशा माणसाच्या हाती दुसऱ्याची पोथी आली, जागोजागी अक्षरे संशयित, कोठे चरण लंगडा. तेथे आपली एक ओवी घालणे त्यांना किती सोपे होते! कोणाला कळलेही नसते. त्यांनी ती घातली नाही. उलट पुढील लोकांना बजावून ठेवले की या ग्रंथात जो आपली ओवी मिसळील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. उपमा घरगुती आहे, पण तिच्यात राग आहे.

या रागाचा मी पुष्कळ विचार केला. हे बजावणे कोणासाठी? ज्याची ग्रंथावर श्रद्धा नाही तो त्यात भर घालावयास कशाला बसेल? तो पोथी बाजूला ठेवून आपल्या कामाला जातो. भर घालतो तो भक्तच. त्याला ओवी इतकी गोड लागते की आपलाही एक घास त्या ताटात असावा असे त्याला वाटते. प्रेमाचा उमाळा आला की हात आवरत नाही. ‘हे शब्द माझे नव्हेत’ ही जाणीव ठेवून अक्षरापुढे वाकणे, हे श्रद्धेचे अधिक कठीण रूप होय. त्यात कोणी वाहवा करीत नाही. लिहिणाऱ्याने काय लिहिले नाही, हे कोणाला दिसणार?

पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला सापडलेली एक जुनी पोथी छापली आणि ती एकनाथांच्या पूर्वीची असल्याचे प्रतिपादन केले. त्यावर विद्वानांत वाद झाले. अनेक भाविकांना त्या खटाटोपाचा विषाद वाटला. मला तसा विषाद वाटत नाही. अशी पोथी एकनाथ महाराजांना पैठणास मिळाली असती तर त्यांनी ती दिवा लावून रात्रभर वाचली असती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

एवढे बोलल्यावर आता माझ्या चुकीची गोष्ट सांगणे भाग आहे. मागील पारायण सप्ताहात तीर्थरूपांना ताप होता, म्हणून वाचन माझ्याकडे आले. तेराव्या अध्यायाचा दिवस होता. अध्याय लांब, त्या सायंकाळी कीर्तनकार बुवा येऊन बसलेले, आणि सभामंडपातून घड्याळाकडे पाहण्याच्या खुणा होऊ लागल्या. मी पोथीची काही पाने एकदम उलटली. चुकून उलटली असे म्हणावयास जीभ धजत नाही. मी ती जाणून उलटली. ओवी सरळ पुढे चालली, समोर माना डोलत होत्या, कोणाच्याही लक्षात आले नाही.

आरती झाली. आपल्या मंदिरात खांबाशी बसून वाती वळणाऱ्या एक आजी आहेत. त्यांचे नाव येथे घेत नाही. घेतलेले त्यांना आवडणारही नाही. त्यांना अक्षरओळख नाही. मी पोथी बांधीत होतो तेव्हा त्या जवळ येऊन म्हणाल्या, ‘‘बाळ, आज मांजर आलं नाही रे.’’

ओसरीवर दुधाच्या आशेने येणारे मांजर मला आठवले. मी म्हणालो, ‘‘असेल कोठे तरी, आजी.’’

त्या हसल्या. ‘‘ते नव्हे. पिलांना तोंडात धरणारं.’’

तेव्हा माझ्या पायांखालची फरशी थंड झाल्यासारखी वाटली. तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण आहे. ज्ञानी पुरुष भूमीवर पाऊल कसे ठेवतो हे सांगताना माउलींनी दृष्टान्तांची रांग लावली आहे. केसर चुरगळेल या शंकेने भ्रमर कमळावर हळुवार पाय ठेवतो. लाट फुटू नये असा बगळा पाण्यात पाऊल टाकतो. आणि आई पिलाला तोंडात धरते तेव्हा दात जसे लागून न लागल्यासारखे असतात, तसे त्या पुरुषाचे चालणे. हीच पाने मी गाळली होती. पाऊल जपून टाकण्याच्या ओव्या मी धावत ओलांडल्या होत्या, आणि ते त्या मंडपात एकाच व्यक्तीला कळले, जिला ‘ग’ म्हणजे काय ते वाचता येत नाही. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्या मला त्या दिवशी प्रथम समजल्या. पोथी त्यांच्यासाठी मराठीत आली, आणि आता पोथीचा पहारा त्याच करीत आहेत.

रात्री तीर्थरूपांना सर्व सांगितले. मला वाटले, प्रायश्चित्त सांगतील, जप सांगतील. ते एवढेच म्हणाले, ‘‘जेवढे गाळलेस तेवढे त्यांच्यापुढे बसून वाच. अर्थासकट.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींच्या ओटीवर पोथी घेऊन गेलो. त्यांनी पाटावर वस्त्र घालून पोथी ठेवली आणि आपण खाली बसल्या. मी सावकाश वाचू लागलो, एकेका ओवीचा अर्थ सांगू लागलो. बगळ्याची ओवी आली तेव्हा त्यांनी हात वर केला. ‘‘बगळ्याची नजर माशावर असते ना रे? मग त्याचं पाऊल दयेचं कसं?’’

श्रोतेजनहो, हा ग्रंथ मी लहानपणापासून कितीतरी वेळा वाचला आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तोंडावर उत्तर आले होते, ‘आजी, शंका घेऊ नये, श्रद्धेने ऐकावे.’ ते मी गिळले, कारण कालची पाने आठवली. आणि ओवीकडे पुन्हा पाहिले तर माउलींनी स्वतःच सांगितले आहे की बगळ्याची दृष्टी भक्ष्यावर आहे. त्यांनी ते लपविलेले नाही. आजींचा प्रश्न ओवीच्या बाहेरचा नव्हता, आतलाच होता. वाचणाऱ्याला तो दिसला नाही, ऐकणारीला ऐकू आला.

घरी येऊन तीर्थरूपांना विचारले. ते थोडा वेळ स्तब्ध राहिले आणि म्हणाले, ‘‘माउलींनी बगळ्याचे पाऊल घेतले, नजर घेतली नाही.’’ मला हे उत्तर फार आवडले. ते मी आजींना जाऊन सांगितले. त्यांनी मान हलविली, पण म्हणाल्या, ‘‘मग नजरेचं नाव तरी कशाला काढलं?’’

त्याच प्रकरणात माउली काय करतात तेही मी मग नीट पाहिले. अहिंसेचे आपले मत सांगण्यापूर्वी ते इतरांची मते मांडतात. यज्ञात हिंसा करून तिला अहिंसा म्हणणारे, औषधासाठी झाडे ओरबाडणारे, यांच्या म्हणण्यातील विसंगती ते स्पष्ट दाखवितात. झाडाच्याच फांद्या तोडून त्या झाडाला कुंपण घालावे तसे हे, असे म्हणतात. ग्रंथभर ते श्रोत्यांना अवधान मागतात, श्रोते मध्येच बोलतात, त्यांना उत्तर दिले जाते. अर्जुनाने प्रश्न विचारले नसते तर गीता किती अध्यायांची झाली असती? विचारणाऱ्याला गप्प करून आपण ज्या ग्रंथाचा मान राखू पाहतो, तो ग्रंथ उभा आहे तोच विचारणाऱ्याच्या आधारावर.

शनिवारी सायंकाळी मंदिरात मुलांचा मराठीचा वर्ग मी घेतो हे आपणास ठाऊक आहे. ही मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात. घरी मराठी बोलतात, पण पुस्तक हाती दिले की ‘कमळ’चे ‘कमल’ करतात. पूर्वी मी रागावत असे. वास्तविक शाळेत त्यांना ‘कमल’ हेच शुद्ध आहे. इंदुरात वाढणाऱ्या मुलाच्या जिभेला दिवसातून दोन वेळा घर बदलावे लागते. त्या ‘ळ’साठी मी काय करीत असे, तर दहा वेळा लिहून घेत असे. दोन महिन्यांपूर्वी मी तो प्रकार सोडला आणि मुलांपुढे भ्रमराची ओवी ठेवली. भुंगा कमळावर कसा उतरतो ते करून दाखवा म्हटले. मुले पंजावर पंजा ठेवून बोटे अलगद टेकवू लागली, आणि ‘ळ’ म्हणताना त्यांच्या जिभा आपोआप मागे वळू लागल्या. सर्वांच्या वळल्या असे मी म्हणणार नाही. दोघे-तिघे अजून ‘कमल’च म्हणतात.

मग बगळ्याची ओवी आली. मी आजींचा प्रश्न मुलांपुढे तसाच ठेवला, आणि मलाही याचे पुरते उत्तर ठाऊक नाही हे सांगितले. गुरुजींना ठाऊक नाही म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांत जे तेज आले ते मी पाठ घेताना कधी पाहिले नव्हते. गलका झाला. कोणी म्हणाले, बगळा लबाडच असतो. कोणी म्हणाले, माउलींनी गोदावरीत बगळा पाहिला असेल म्हणून लिहिले. शेवटी मागे बसणारी एक मुलगी, जी एरवी तोंड उघडीत नाही, म्हणाली, ‘‘बगळा मासा मिळेपर्यंतच हळू चालतो. ह्या माणसाला काहीच नको आहे, तरी तो तसाच चालतो.’’

हे उत्तर विद्वानांच्या टीकेत कोठे आहे की नाही, ते मी पाहिलेले नाही. त्या सायंकाळी वर्ग सुटल्यावर खांबाशी जाऊन ते आजींना सांगितले. त्यांनी वातीचा पीळ तसाच हातात ठेवून विचारले, ‘‘कोणाची रे ती पोर?’’

नाव सांगितले. ‘‘हं,’’ म्हणाल्या, आणि पुढील शनिवारी वर्गाला येऊन बसल्या. तेव्हापासून त्या येतात. तेराव्या अध्यायातील गाळलेली पाने आता वर्गात चालू आहेत. दर शनिवारी पाच ओव्या, कधी तीनच. मांजर अजून यावयाचे आहे. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी आरतीनंतर सभामंडपाच्या पूर्वेच्या बाजूस यावे. पोथी बरोबर आणलीच पाहिजे असे नाही.